संस्थेचे दप्तर हार्ड डिस्कवर : रेड पेटी घेण्यापूर्वी काय पाहावे?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागणीच्या नोंदी आणि खोडव्याची पाहणी यासाठी गावोगाव फिरताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. पाणीपुरवठा संस्थेचे सचिव विचारतात, दूध संस्थेतले लोक विचारतात. सभासदांची जी मुले ड्रोनने पिकाची पाहणी करून देतात किंवा लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय करतात, तीही विचारतात. प्रश्न असा, की "साहेब, कॉम्प्युटरवरचा डाटा जाऊ नये म्हणून दोन-चार डिस्कची पेटी मिळते म्हणे. ती घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?" प्रत्येकाला बांधावर उभे राहून पुरे उत्तर देणे होत नाही. सबब हा विषय या अंकात सविस्तर मांडत आहे.

आता तुम्ही म्हणाल, उसाच्या माणसाला डिस्कशी काय करायचे? पण पाण्याच्या पाळीपत्रकापासून ते पाणीपट्टीच्या थकबाकीपर्यंत संस्थेचे सगळे दप्तर आज संगणकावर गेले आहे. माती परीक्षणाचे अहवाल, लागणीच्या तारखा, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे हेही पुष्कळ सभासदांनी घरच्या संगणकात साठवले आहे. ते गेले तर भांडण पाण्यावरून होते, आणि पाण्याचे भांडण शेवटी उसावरच येते.

आपल्या भागातल्या एका पाणीपुरवठा संस्थेत हे घडलेले आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. संस्थेने दोन डिस्कची पेटी घेतली होती आणि "दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन प्रती आहेत" असे सगळे समजून होते. प्रत्यक्षात विकणाऱ्याने जागा जास्त दिसावी म्हणून दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी डिस्क करून दिली होती. वार्षिक सभेच्या तोंडावर त्यातली एक डिस्क बंद पडली आणि तीन वर्षांचा पाणीपट्टीचा हिशेब गेला. पुढे पावतीपुस्तके आणि सभासदांच्या घरच्या पावत्या गोळा करून खाते पुन्हा उभे करायला दोन महिने लागले. ज्यांच्याकडे पावती नव्हती त्यांची थकबाकी किती, यावरून सभेत जे व्हायचे ते झाले. पेटी चांगली होती, पैसेही कमी दिले नव्हते. ती कशी लावली आहे एवढेच कोणी विचारले नव्हते.

१) रेड म्हणजे काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी मोठ्या संगणकाची एकेक डिस्क फार महाग असे. तिच्याऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडून काम घ्यावे, आणि त्यातली एखादी बंद पडली तरी माहिती जाऊ नये अशी व्यवस्था आधीच करावी, असे त्यांनी मांडले. या व्यवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेड' हे नाव पडले. एका धनवंताच्या भांडवलाऐवजी अनेकांचे लहान लहान भाग गोळा करून कारखाना उभा करायचा, ही चाल आपल्याला नवी नाही.

रेड पेटी म्हणजे कपाटासारखे खण असलेला डबा. दुकानदार त्याला 'एन्क्लोजर' म्हणतात. एकेका खणात एक हार्ड डिस्क बसते आणि पेटी वायरने संगणकाला जोडतात. पेटीत दोन, चार, पाच किंवा आठ खण असतात. पुष्कळदा पेटी रिकामीच मिळते आणि डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, म्हणून दर विचारताना "डिस्कसह की डिस्कशिवाय" हे आधी विचारावे.

२) रेडचे प्रकार

चार टी.बी.च्या चार डिस्क घेतल्या, म्हणजे एकूण १६ टी.बी., असे धरून चालू.

रेड शून्य : माहितीचे तुकडे करून सर्व डिस्कवर वाटतात. जागा पूर्ण १६ टी.बी. मिळते, वेगही चांगला मिळतो. पण एक डिस्क गेली की सगळेच गेले. वर सांगितलेल्या संस्थेत हाच प्रकार लावलेला होता. दप्तरासाठी हा प्रकार कोणीही वापरू नये.

रेड एक : ही आरशासारखी पद्धत. दोन डिस्कवर तेच ते एकाच वेळी लिहिले जाते. चार टी.बी.च्या दोन डिस्क घातल्या तर वापरायला चारच टी.बी. मिळतात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते.

रेड पाच : यात ताळा ठेवलेला असतो. ट्रॅक्टरच्या तीन खेपा काट्यावर १४, १७ आणि १२ टन भरल्या आणि बेरीज ४३ टन अशी वेगळी लिहून ठेवली. उद्या १७ टनाची पावती हरवली, तर ४३ मधून १४ आणि १२ वजा केले की १७ परत मिळतात. संगणकाची आकडेमोड वेगळी असते, पण तत्त्व हेच. फरक इतकाच, की ताळा एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर वाटून ठेवतात. चार डिस्कमध्ये एका डिस्कएवढी जागा ताळ्याला जाते आणि १२ टी.बी. हाती राहतात. मात्र दोन पावत्या हरवल्या तर एका बेरजेवरून काही निघत नाही, तसेच एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर रेड पाच हात टेकते.

रेड सहा : यात दोन वेगवेगळ्या तऱ्हेचे ताळे असतात, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी माहिती राहते. चार डिस्कमध्ये आठ टी.बी. मिळतात.

रेड दहा : आरशासारख्या दोन जोड्या करून त्या एकत्र वापरतात. जागा आठ टी.बी. मिळते. प्रत्येक जोडीतली एकेक डिस्क गेली तरी चालते, एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर चालत नाही. वेग चांगला मिळतो.

डिस्क खरोखर किती बिघडतात? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी अडीच लाखांहून जास्त हार्ड डिस्क वापरते आणि बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. २०२३ सालचा त्यांचा आकडा १.४० टक्के आहे, म्हणजे शंभर डिस्कमागे वर्षाला दीडच्या आत. हे थोडे वाटते. पण चार डिस्कची पेटी पाच वर्षे चालवली तर याच हिशेबाने दर चार पेट्यांपैकी जवळजवळ एकीत कधी ना कधी एखादी डिस्क जाईल. शिवाय त्यांच्या डिस्क थंड, स्वच्छ दालनात असतात. आपल्या संस्थेच्या खोलीत धूळ किती आणि उन्हाळ्यात गरमी किती, ते आपण जाणतोच.

३) पेटी कशापासून वाचवते आणि कशापासून नाही?

हा भाग नीट वाचावा, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे.

विहिरीवर दोन मोटारी बसवल्या तर एक जळाली तरी दुसरीवर पाणी चालू राहते. पण विहीरच आटली तर दोन्ही मोटारी बसून राहतात. रेड ही दुसरी मोटार आहे, दुसरी विहीर नव्हे. डिस्कच्या बिघाडापासून ती वाचवते, बाकी कशापासून नाही.

कोणी चुकून फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. संगणकात खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर आरशातली प्रतही तशीच कुलूपबंद होते. वीज पडली, पेटी चोरीला गेली, पुराचे पाणी खोलीत शिरले, तर चारही डिस्क एकदमच जातात. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गावेच्या गावे पाण्याखाली गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. त्या पाण्यापुढे रेड एक काय आणि रेड सहा काय!

म्हणून दुसरी प्रत वेगळी पाहिजे. आपण बेणे मळा वेगळा राखतो तो कशासाठी? गाळपाच्या फडात लाल कूज आली तरी बेणे निरोगी राहावे म्हणूनच ना? तीच रीत इथे ठेवावी. जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. माहितीच्या एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. संस्थेपुरते सांगायचे तर एक प्रत रोजच्या पेटीत, दुसरी प्रत साध्या बाहेरच्या डिस्कवर, जी काम झाल्यावर सोडवून कपाटात ठेवावी, आणि तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत किंवा उंचावरच्या दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या डिस्कवर. संगणकाला न जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोहोचत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

४) पेटी कोणाला हवी?

खर्च करण्याआधी माहिती किती आहे ते मोजा. कागदाचे एक पान स्कॅन करून साधारण एक मेगाबाईट जागा धरली, तर दोन लाख पानांचे दप्तरसुद्धा २०० गिगाबाईटमध्ये, म्हणजे एका टी.बी.च्या पाचव्या हिश्शात मावते. ज्या सभासदाकडे फक्त घरची कागदपत्रे, फोटो आणि पिकाच्या नोंदी आहेत, त्याला पेटीची गरज नाही. दोन साध्या बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, आठवड्याला आलटून पालटून प्रत काढावी, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. एवढे पुरे.

जिथे एक दिवसही काम थांबून चालत नाही, अशा संस्थेच्या कार्यालयाने दोन खणांची पेटी घ्यावी आणि रेड एक लावावे. समजायला सोपे, सांभाळायला सोपे.

चित्रीकरण आणि ड्रोनचे काम करणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने घेतलेले चित्रीकरण तासाला ४५ गिगाबाईट जागा खाते. लग्नसराईत टी.बी.मागे टी.बी. भरत जातात. त्यांना चार खणांची पेटी योग्य. रेड सहा किंवा रेड दहा लावावे.

रेड पाच का नको? कारण एक डिस्क बदलली की बाकीच्या डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचून नवी भरावी लागते. चार टी.बी.ची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाईट वेगाने भरायला साडेसात तास लागतात, बारा टी.बी.ची भरायला बावीस तास. त्याच वेळी काम चालू असेल तर याहून जास्त. तेवढा वेळ पेटीला कसलाच आधार नसतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे साडेबारा टी.बी. वाचनामागे एखादा न वाचता येणारा भाग निघू शकतो, अशी मर्यादा छापलेली असते. प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ बऱ्या निघतात, पण ज्या कामात एकदम बारा टी.बी. वाचायचे आहेत तिथे हाताशी दुसरा ताळा असलेला बरा.

५) खरेदी करताना पाहायच्या बाबी

अ) पेटीत रेडचे कोणते प्रकार आहेत, हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे. काही पेट्यांत नुसते खण असतात, रेड संगणकाच्या प्रोग्रॅमने लावावे लागते. तोही मार्ग चांगला आहे, पण तो जमणारा माणूस जवळ पाहिजे.

आ) पेटीच जळाली तर काय? ज्या पेटीत रेडचे काम तिच्या स्वतःच्या सर्किटवर चालते, तिच्या डिस्क दुसऱ्या बनावटीच्या पेटीत घालून वाचता येतीलच असे नाही. डिस्क शाबूत आणि माहिती अडकलेली, अशी गत होते. म्हणून ती पेटी पुढेही मिळत राहील का, दुरुस्तीची सोय कोठे आहे, हे विचारावे. रेड एकमधली डिस्क काढून थेट संगणकाला लावली तर ती वाचता येते का, हेही विचारावे आणि करून पाहावे.

इ) एका खणात जास्तीत जास्त किती टी.बी.ची डिस्क चालते ते पाहावे. जुन्या काही पेट्या दोन टी.बी.च्या पुढची डिस्क घेत नाहीत. स्वस्त मिळते म्हणून जुना माल घरात आणू नये.

ई) डिस्क कोणती? चोवीस तास चालणाऱ्या आणि रेडसाठी बनवलेल्या डिस्क वेगळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. त्यातही 'सी.एम.आर.' की 'एस.एम.आर.' हे पाहावे. एस.एम.आर.मध्ये माहितीच्या रेघा घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. तसेच इथेही होते, आणि नवी डिस्क भरण्याचे काम फार रेंगाळते. रेडसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कसुद्धा या प्रकारच्या आहेत, हे २०२० साली उघड झाले. म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. आपल्याला सी.एम.आर. पाहिजे.

उ) सर्व डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नयेत. एकाच वेळी बनलेल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो. जमल्यास दोन दुकानांतून घ्याव्यात. त्याच मापाची एक डिस्क जादा घेऊन ठेवावी. ट्रॅक्टरला स्टेपनी ठेवतो तशी.

ऊ) जोडणी पाहावी. जुन्या यू.एस.बी. दोनच्या वाटेने सेकंदाला ३५-४० मेगाबाईटच जातात आणि एक टी.बी. उतरवायला सात-आठ तास लागतात. यू.एस.बी. तीनच्या पाच गिगाबिट जोडणीवर तेच काम साधारण दोन तासांत होते, कारण तिथे वायर नव्हे, डिस्कच वेग ठरवते. पेटीबरोबर संगणकाची खाचही तशीच पाहिजे.

ए) पंखा असलेली, धातूची पेटी घ्यावी. पंखा बदलता येतो का ते पाहावे. डिस्क गेली की लाल दिवा लागतो का, आवाज होतो का, हे फार महत्त्वाचे. गुपचूप एका डिस्कवर चालत राहणारी पेटी काही कामाची नाही.

ऐ) तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. नाहीतर हमीच्या मुदतीत डिस्क गेली तरी दाद मागता येत नाही.

६) आणल्याबरोबर चाचणी

काटा सुरू करण्यापूर्वी प्रमाणित वजने ठेवून तो तपासतात. पेटीही तशीच तपासावी, आणि ती खरे दप्तर चढवण्याआधी.

पहिली गोष्ट, संगणकात एकूण जागा किती दिसते ते पाहा. चार टी.बी.च्या दोन डिस्क रेड एकमध्ये असतील तर विंडोजवर सुमारे ३.६ टी.बी. दिसतील. मोजण्याच्या पद्धतीत फरक असल्याने आकडा थोडा कमी दिसतो, त्यात फसवणूक नाही. पण ७.२ टी.बी.च्या आसपास दिसले तर तिथेच थांबा, दुहेरी प्रत नाही असे समजा. त्या पाणीपुरवठा संस्थेत हा एक आकडा पाहिला असता तरी पुरे होते.

मग काही बिनमहत्त्वाच्या फाइली पेटीत टाका. चालू पेटीतून डिस्क काढलेली चालते असे माहितीपत्रकात असेल तर चालू असताना, नाहीतर पेटी बंद करून, एक डिस्क बाहेर काढा. फाइली उघडतात का? दिवा लागतो का? आवाज होतो का? नंतर जादा घेतलेली डिस्क घालून ती पूर्ण भरते का आणि किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. खणांवर १, २, ३, ४ असे आकडे चिकटवा आणि कोणत्या खणात कोणत्या अनुक्रमांकाची डिस्क आहे ते वहीत नोंदवा. पुढे घाईत बिघडलेल्याऐवजी चांगली डिस्क काढली, तर होत्याचे नव्हते होईल.

७) पुढची निगा

लिहीत असताना वीज गेली तर माहिती आणि ताळा यांचा मेळ बिघडू शकतो. आपल्याकडे विजेचा भरवसा कितपत, हे सांगायला नको. म्हणून संगणक आणि पेटी दोन्ही यू.पी.एस.वर घ्यावीत. नुसता संगणक यू.पी.एस.वर आणि पेटी भिंतीच्या प्लगवर, असे पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. अर्थिंग तपासून घ्यावे. पेटी जमिनीवर ठेवू नये.

महिन्यातून एकदा पेटीच्या प्रोग्रॅममधून सर्व डिस्कची तपासणी चालवावी. दर तिमाहीला कपाटातली प्रत काढून त्यातली एखादी जुनी फाइल खरोखर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत आहे असे धरू नये. या कामाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी, आणि तपासणीची तारीख मासिक सभेच्या इतिवृत्तात यावी, म्हणजे विसर पडत नाही.

शेवटी एक विनंती. ज्या संस्थांकडे अशी पेटी आधीच आहे, त्यांनी येत्या आठवड्यात एकूण जागेचा आकडा तेवढा पाहून घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. शंका वाटल्यास प्रथम सगळ्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि मगच पेटीला हात लावावा, कारण रेडचा प्रकार बदलताना आतले सर्व पुसले जाते. पाणीपट्टीच्या पावत्याही घरी जपून ठेवाव्यात. कागदाची पावती अजून तरी सर्वांत स्वस्त दुसरी प्रत आहे.

कळावे.